माणसं किती येतील?

मला नोकरी लागल्याची बातमी गावात पोहोचली तेव्हा शेजारच्या भागाकाकूंनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मनी आकड्याचं काम करती म्हंजी नक्की काय करती गं? त्ये मटक्याचं तर न्हवं ना?"

आई म्हणाली, "न्हाई वो, पगार हाय तिला."

भागाकाकूंचं समाधान झालं, आईचं मात्र झालं नव्हतं. रात्री तिनं मला जेवायला वाढता वाढता पुन्हा विचारलंच. आज इतकी वर्षं संख्याशास्त्राच्या नोकरीत काढल्यावरही सोसायटीतली माणसं मला 'बँकेत आहात ना?' असं विचारतात आणि मी 'तसंच काहीतरी' म्हणून लिफ्टमध्ये शिरते. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर मात्र पळवाट उरली नाही.

तर माझं काम असं. थोड्या माणसांना विचारायचं आणि त्यावरून सगळ्यांबद्दल सांगायचं. गावात किती घरी नळाचं पाणी येतं, किती मुलं शाळा सोडतात, बायका दवाखान्यात कधी जातात, असलं काहीतरी. सगळ्यांना विचारायला वेळ नसतो आणि कुणाचे पायही तेवढे धड नसतात. म्हणून निवडक घरी जायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. फक्त कुठलं शीत उचलायचं, हे ठरवण्यासाठी माणसं दोन-दोन पदव्या घेतात.

हा विषय मला पुण्याच्या कॉलेजात भेटला असं मी नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं. खरं तर तो मला लग्नाच्या मांडवामागे भेटला.

आमचं गाव मुठा खोऱ्यातलं. माझे वडील, म्हणजे आप्पा, आचारी. खोऱ्यातल्या लग्नांचा, जावळांचा, वर्षश्राद्धांचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे. शेती थोडी होती, पण आप्पांची खरी ओळख सराट्यामुळे. सराटा म्हणजे भाजी ढवळायचा तो लांब दांड्याचा पळा. माझ्या उंचीपेक्षा तो मोठा होता आणि मला त्याला हात लावायची बंदी होती.

स्वयंपाक बऱ्याच जणांना येतो. आचारी मोठा होतो तो अंदाजावर. किती माणसं येतील, हे ज्याला कळतं त्याला लोक सुपारी देतात. अन्न उरलं तर यजमान कुरकुरतो, एवढंच. पण कमी पडलं तर संपलं. मग त्या आचाऱ्याचं नाव खोऱ्यात कुणी घेत नाही, आणि घेतलं तर वाईट घेतं. आप्पांच्या हातून कधी कमी पडलं नव्हतं. त्यांच्याकडे अभिमान धरावा असं दुसरं फारसं काही नव्हतं, म्हणून हा एकच अभिमान त्यांनी फार जपून ठेवला होता.

अठ्ठ्याण्णव साली मी सातवीत होते. त्या उन्हाळ्यात आप्पा मला पहिल्यांदा अंदाज घ्यायला बरोबर घेऊन गेले. लग्नघरी जायचं, चहा प्यायचा आणि गप्पा मारल्यासारखं विचारत राहायचं.

"गावात आवातनं कसं हाय? चूलबंद का घरटी?"

चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरातली चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी म्हणजे घरातून एकानं यायचं. नुसत्या या एका प्रश्नानं गावाचा आकडा चौपट किंवा पाचपट होई. पण आप्पा तिथं थांबत नसत. मुहूर्त कधीचा? गोरज मुहूर्त असेल तर धारा काढायची वेळ, गोठा असलेल्या घरच्या बायका यायच्या नाहीत. त्याच दिवशी शेजारच्या गावात दुसरं लग्न आहे का? भावकीत कुणाचं कुणाशी वाजलंय? हे शेवटचं ते फार नाजूकपणे विचारत, पण विचारत नक्की.

घरी परतताना ते पुटपुटत आणि मी ऐकत असे. वेशीपाशी आलो की आप्पा जाहीर करत, "सहाशे. पन्नास मागंपुढं."

ते 'मागंपुढं' मला फार आवडायचं. शाळेत गणिताचे गुरुजी उत्तराखाली दोन रेघा मारायला लावायचे. उत्तर एकच, बरोबर तरी किंवा चूक तरी. मी गणित सोडवण्याआधी समासात अंदाजे उत्तर लिहून ठेवायची आणि मग जवळ आलं की नाही ते पाहायची. गुरुजींनी तो समास वर्गासमोर धरला आणि म्हणाले, "अंदाज करायला हा काय हवामान विभाग आहे?" वर्ग हसला. मला वाईट वाटलं नाही, कारण माझे अंदाज बरोबर येत होते आणि हसणाऱ्यांची गणितं चुकत होती.

मला आकड्यांचं वेडच होतं. एसटीच्या तिकिटावरचे आकडे मी उलटसुलट मिळवत बसे. पंगत बसली की एका रांगेत किती आणि रांगा किती ते बघायचं, आणि कुठल्या रांगेत लहान मुलं जास्त ते लक्षात ठेवायचं, कारण मुलं बुंदी संपवतात आणि भात टाकतात. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला सराट्याला हात लावू दिला. मला तेव्हा मिळालेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस.

त्यांनी मला भात तपासायलाही शिकवलं. चर खणून केलेल्या चुलीवर वारा एका अंगानं येतो, त्यामुळे मोठ्या पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजत नाही. शीत एका जागचं दाबून भागत नाही. एक वाऱ्याच्या अंगचं, एक मधलं, एक पार तळाचं. "वरच्या शितावर भुलायचं न्हाई," आप्पा म्हणायचे, "वरचं शीत लई गोड बोलतंय."

पौडच्या हायस्कुलातून बाहेर पडल्यावर मी संख्याशास्त्र घ्यायचं म्हटलं. आप्पांनी विचारलं, "त्यात काय असतंय?"

"तुम्ही करता तेच आप्पा, कागदावर."

"मंग त्याला पुण्याला कशाला जायाला पायजेल? हितंच शीक की."

पण दोन दिवसांनी त्यांनी माझी ट्रंक माळ्यावरून स्वतःच काढली आणि अट घातली, लग्नसराईत वाढायला यायचं. पदवीची आणि पुढची सगळी वर्षं मी ही अट पाळली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातसुद्धा खोऱ्यातल्या कुठल्या ना कुठल्या मांडवात मी आमटीची बादली घेऊन वाकलेली असे. कॉलेजात आमच्या बाईंनी पहिल्यांदा फळ्यावर अंदाज मांडला आणि म्हणाल्या, नुसता आकडा सांगणं म्हणजे अर्धं काम, तो किती चुकू शकेल तेही सांगता आलं पाहिजे. मी मनात म्हटलं, पन्नास मागंपुढं. वर्गात मला एकटीलाच हसू आलं.

नोकरी लागली ती पुण्यातल्या एका सर्व्हे करणाऱ्या संस्थेत. आणि पहिलं काम कुठे, तर आमच्याच तालुक्यात, मारुंजीच्या बाजूला. तोवर तिकडचा नूर पालटला होता. जिथे ज्वारी असायची तिथे तीन-तीन मजली खोल्या उभ्या होत्या, आणि गाववाल्यांपेक्षा भाडेकरू जास्त झाले होते. कुणी वाशीमचा, कुणी लातूरचा, कुणी पार बिहारचा.

आमच्या धंद्यातला पहिला नियम, घर आपण निवडायचं नाही. चिठ्ठी निवडते. ज्या दारात जावं तिथे पहिला प्रश्न ठरलेला, "आमचंच घर का?" चिठ्ठी निघाली म्हटलं की लोकांना वाटतं घरकुल मिळणार किंवा घर पाडणार. पण त्यापेक्षा अवघड गाठ पडली एका माजी सरपंचांशी. त्यांच्या घराची चिठ्ठी निघालीच नव्हती. ते मोटारसायकलवरून आम्हाला शोधत आले.

"गावात सगळ्यात मोठं घर आमचं. अन् तुमी त्या पत्र्याच्या खोलीत बसून इचारताय?"

मी सांगितलं, चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तुमची आली नाही.

"मंग परत टाका."

"तसं चालत नाही काका."

"का न्हाई चालत? माझी येस्तवर टाका."

शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन चहा घेतला, सगळे प्रश्न विचारले, सगळी उत्तरं लिहून घेतली आणि बाहेर येऊन तो कागद वेगळा ठेवला. सरपंच खूश झाले. ऑफिसातल्या आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, शाब्बास, आता तू धंद्यात मुरलीस.

दुसरा नियम कळायला जास्त वेळ लागला. माणूस तोंडावर खरं सांगतोच असं नाही. खोटं बोलायचं असतं म्हणून नव्हे, चांगलं दिसायचं असतं म्हणून. दूध किती घेता विचारलं की सगळी घरं एकदम दूधदुभत्यात न्हाऊन निघतात. म्हणून 'किती घेता' विचारायचं नाही, 'आज सकाळी किती घेतलं' विचारायचं. झाल्या गोष्टीबद्दल माणूस खोटं कमी बोलतो. हे मला इतकं पटलं होतं की मी ते ज्याला त्याला ऐकवत असे. नव्या नोकरीतलं शहाणपण अंगात जरा जास्तच भिनलं होतं.

दोन हजार नऊच्या लग्नसराईत आप्पांना हिंजवडीशेजारच्या माण गावाहून सुपारी आली. तात्या म्हणून तिथले जमीनवाले, आमच्या गावच्या एका घराचे नातेवाईक. थोडी जमीन विकलेली, उरलेल्या जमिनीवर भाड्याच्या तीन इमारती. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न. आप्पांच्या गुडघ्यांनी तेव्हा कुरकुर सुरू केली होती आणि हे शेवटचंच मोठं काम, असं ते दर मोठ्या कामाला म्हणत. पण या वेळी मला ते खरं वाटलं.

अंदाज घ्यायला मीही गेले. गाव चूलबंद होतं. वऱ्हाडाचा आकडा समजला, भावकीचा समजला. मग तात्या सहज म्हणाले, "आन् खोलीवाल्यांना बी पत्रिका दिल्यात सगळ्या."

आप्पांचा चहाचा कप हवेतच थांबला. "सगळ्या खोल्यांस्नी?"

"व्हय. भाडं घेतो महिन्याच्या महिन्याला, पत्रिका न्हाई दिली तर बरं दिसतंय का?"

वाटेत आप्पा काही पुटपुटले नाहीत. गाडी चांदणी चौकापर्यंत आली तरी आकडा नाही. शेवटी म्हणाले, "मने, गावातल्या माणसाचं मला ठावं असतंय. कोण येणार, कोण रुसणार, कोण चार पोरं घेऊन येणार. ह्या खोलीवाल्यांचं काय सांगावं? ते येत्यात का, कुणासंगं येत्यात, काय बी कळंना. तुझं ते शिकलेलं हितं चालंल का?"

आप्पांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, "चालेल की. हेच तर माझं काम."

पुढच्या रविवारी मी तात्यांच्या तिन्ही इमारतींतल्या खोल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि निघालेल्या दारांवर टकटक केली. पहिल्या दोन-चार ठिकाणी भाबडेपणानं विचारलं, तात्यांकडच्या लग्नाला येणार का? सगळ्यांनी हो हो, नक्की, जरूर आएंगे दीदी असं म्हटलं. हे ते वरचं गोड शीत, मी ओळखलं. मग मी शहाण्यासारखा प्रश्न बदलला. येणार का, ते विचारायचंच, पण मग हळूच विचारायचं, गेल्या वर्षी तात्यांच्या पुतण्याचं लग्न झालं तेव्हा गेला होता का? जेवायला काय होतं?

जवळपास कुणालाच काय होतं ते सांगता येईना. कुणी गेलंच नव्हतं.

एका दारात गजानन नावाचा तरुण भेटला. वाशीमकडचा, हिंजवडीत एका कंपनीत कामाला. बायको रूपाली आत पोळ्या लाटत होती. तो म्हणाला, "खरं सांगू का ताई, आपल्याला कोण ओळखते इथं? जाऊन उभं राहायचं कुठं?" रूपालीनं आतून चहा पाठवला, लाडूही पाठवला. मी लाडू खाल्ला, त्याचं उत्तर मनात टिपलं आणि पुढच्या दाराकडे गेले.

संध्याकाळी आप्पांना आकडा दिला. "खोलीवाले साठ. वीस मागंपुढं."

"एवढंच?"

"एवढंच."

आप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या सवयीनं थोडं वाढवून त्यांनी शंभरांचा शिधा मांडला. माझ्या आकड्यावर त्यांनी आपलं नाव पणाला लावलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

लग्न रविवारचं, मुहूर्त संध्याकाळचा. वऱ्हाडाची पंगत पहिली. तिकडे रीत अशी की वऱ्हाड आणि पाहुणे आधी जेवतात, यजमानाची भावकी सगळ्यात शेवटी. वऱ्हाड जेवून उठलं, गाव बसलं आणि मी बुंदीचं ताट भरायला मांडवामागे आले तेव्हा फाटकाबाहेर मला माणसं दिसली. इस्त्रीचे शर्ट, नव्या साड्या, भांग पाडलेली पोरं. रस्त्याच्या कडेनं इमारतींपासून रांगच लागली होती. साठ? साठ तर नुसती लहान मुलं असतील.

रांगेत पुढेच गजानन होता, शेजारी रूपाली. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "ताई, आलो जी आम्ही!"

मी विचारलं, "गजानन, इतके सगळे कसे?"

"म्हणजे काय? तुम्ही स्वतः दारात येऊन विचारून गेल्या, मग न येऊन कसं चालते? पत्रिका तर दाराखालून आली होती. दाराखालून काय, लाइटचं बिल पण येते." आणि मागच्यांकडे हात करत म्हणाला, "तुम्ही ज्यांच्याकडे नाही गेल्या ना, त्यांना आम्हीच सांगितलं. म्हटलं, घरोघर येऊन विचारून राहिले, चला."

गावात आमंत्रणाचं माणूस दारात येतं, 'यायचं बरं का' म्हणतं, ते खरं आमंत्रण. कागद आला तर आला. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. मी मोजायला गेले असं मला वाटत होतं. त्या दारांमध्ये मात्र बोलावायला आलेली बाई उभी होती, तीही लग्नघरच्या स्वयंपाकाची. गेल्या वर्षी कोण गेलं होतं हे मी अगदी बरोबर शोधून काढलं होतं. पण गेल्या वर्षी त्यांच्या दारात कुणीच गेलं नव्हतं.

मी आप्पांकडे धावले. "आप्पा, बाहेर तीन-साडेतीनशे माणसं आहेत. माझ्यामुळे आलीत."

आप्पांनी फाटकाकडे नजर टाकली. मग भाताच्या पातेल्याकडे, मग बुंदीच्या परातीकडे. तेवढ्यात तात्या तरातरा आले.

"आप्पा, ती खोलीवाल्यांची रांग थांबवा. आपली भावकी जेवायची हाय अजून. संपलं म्हणून सांगा त्यांना."

"तात्या, आवातनं तुमीच दिलंय."

"अवो, पत्रिका दिली म्हंजी काय समद्यांनी यायचं? रीत असती द्यायची!"

सराटा आप्पांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि मला दिसत होतं की ते मनात हिशेब करतायत. रांग थांबवली तर भावकीला पुरेल, गोडासकट. कुणाला काही कळणार नाही, नाव राहील. खोलीवाल्यांच्या तोंडचं खोऱ्यात कोण ऐकायला जातंय?

"तात्या," आप्पा म्हणाले, "माझ्या लेकीनं त्येंच्या दारात जाऊन इचारलंय. दारात इचारून आल्याव मांडवातनं माघारी धाडायचं, ते मला जमायचं न्हाई. भावकीला मी तोंड देतो. तुमी फाटक उघडा."

तात्या काय काय बोलले ते लिहीत नाही. लेकीचं लग्न होतं, त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. पण फाटक उघडलं.

खोलीवाल्यांची पंगत बसली. पहिल्यांदा सगळे अवघडून बसले होते, मग आमटी आली आणि सैलावले. रूपालीला मीच वाढलं. ती पोटुशी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तीन वर्षं झाली इथं, पंगतीत आज बसली." मी मान खाली घालून दुसऱ्यांदा बुंदी वाढली. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला रडू येत होतं.

मागे आप्पांनी उरलेला तांदूळ चढवला, डाळीत पाणी घातलं. भावकी बसली तेव्हा पानात भात आणि आमटी. आप्पा स्वतः पंगतीसमोर हात जोडून उभे राहिले. "गोड संपलं. चूक माझी हाय." काही जण मुकाट्यानं जेवले. तात्यांच्या चुलत्यांचं एक अख्खं घर पानावरून उठलं.

टेम्पोत भांड्यांच्या मध्ये बसून घरी जाताना मी हुंदके द्यायला लागले. आप्पांनी विचारलं ते असं, "साठाचं साडेतीनशे कसं झालं गं? कुटं चुकलं?" ते रागानं विचारत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी तू मोजाया ग्येलीस अन् बोलवून आलीस."

ऑफिसात बाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, विचारण्यानं माणूस बदलतो, हे पुस्तकात वाचून कुणाला कळत नाही. आज नव्या पोरापोरींना शिकवताना मी हाच दाखला देते. तेही हसतात. आप्पांच्या जोडलेल्या हातांचं मात्र मी सांगत नाही.

कारण खोऱ्यात व्हायचं ते झालं. 'आप्पाच्या पंगतीत कमी पडलं' ही बातमी आमच्या टेम्पोच्या आधी गावात पोहोचली होती. लेकीच्या लग्नात भावकी गोडाशिवाय उठली, हे सांगताना लोकांच्या जिभेला धार येई. उरलेल्या तिथींना एकही बोलावणं आलं नाही. आप्पांनी भांडी घासून, पुसून, पालथी घालून माळ्यावर ठेवली. शेतावर जायचे, यायचे. कुणाच्या लग्नाला गेले तर जेवून लगेच निघायचे, मांडवामागे फिरकायचे नाहीत. मला एक अक्षर कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. माझा पगार सुरू होता, मला बढती मिळाली, आणि रविवारी घरी गेलं की ती पालथी भांडी दिसायची.

पुढच्या वर्षी, थंडी संपता संपता, गजाननचा फोन आला. मुलगी झाली होती. बारसं करायचं होतं, तिथेच माणला, इमारतीच्या गच्चीवर. "आप्पांनाच पाठवा जी ताई. दुसरं कोणी नको."

मला वाटलं आप्पा नाही म्हणतील. त्यांनी ऐकलं, उठले, आणि माळ्याला शिडी लावली.

बारशाच्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर पोहोचलो. पाळणा बांधलेला, फुगे लावलेले. आप्पांनी शेगडी जोडत आपला जुना प्रश्न विचारला, "माणसं किती?"

गजानन डोकं खाजवायला लागला. "तेच तर कळत नाही आप्पा. गावाकडचे पाच-सहा आले आहेत. इथं इमारतीत सगळ्यांना मेसेज टाकला. सगळे हो हो म्हणाले."

"'हो हो' म्हणजे काय, ते ताईंना विचारा," रूपाली म्हणाली. हसत म्हणाली, पण तिचा आवाज हसरा नव्हता. मुलीला मांडीवर घेऊन ती रिकाम्या सतरंजीच्या टोकाला बसली होती. "पाळणा म्हणायला चार बायका तरी आल्या पाहिजे. नाहीतर फोटोत मी एकटीच दिसीन."

आप्पांनी भाताचं एक पातेलं चढवलेलं होतं, तीस-चाळीस माणसांपुरतं. ते तिच्याकडे बघत राहिले. मग हात पुसत माझ्याजवळ आले.

"मने, जा. खालपासनं सुरू कर. समद्या दारांत जाऊन इचारून ये."

"चिठ्ठ्या टाकू?"

"चिठ्ठ्या कशाला? एक बी दार सोडू नगंस."

"पण आप्पा, मी असं विचारलं तर आकडा बरोबर येणार नाही. तुम्हाला माहीत आहे ना काय होतं ते?"

"म्हाईत हाय म्हणूनच सांगतुया," आप्पा म्हणाले. "तू इचारलंस की येत्यात."

मी पदर खोचला आणि निघाले. जिन्याच्या तोंडाशी पोहोचून मागे पाहिलं. अजून एकाही दारावर मी टकटक केलेली नव्हती, आणि आप्पा भाताचं दुसरं पातेलं शेगडीवर चढवत होते.